नोंद करण्यास रकाना नाही

अण्णा, मी तुमच्यावर चिडलो आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि तुम्ही ज्या वयात गेलात त्या वयाच्या मी कधीच पुढे निघून आलो, म्हणजे हे काही बापावर चिडायचं वय नव्हे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी पाणी पी, मग बोल. पाणी पिऊन झालं. बागेतून घरी येऊन, हातपाय धुऊन, दोन दिवस जेवूनखाऊनही झालं, राग तसाच आहे. म्हणून लिहायला बसलो.

इथे एर्लांगेनमध्ये फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गावाच्या कडेला जमिनीचा लहानसा तुकडा भाड्याने मिळतो, त्याला श्रेबरगार्टन म्हणतात. कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी एक घेतला. तुमची सून तिथे मेथी आणि दुधी लावते आणि मी सफरचंदाच्या झाडाखाली खुर्ची टाकून शाळेतल्या कविता आठवत बसतो. सगळ्या पाठ आहेत अजून, चालीसकट. शेजारचा तुकडा एका दारफुरच्या गृहस्थांचा आहे. सुदानच्या पश्चिमेचं ते दारफुर, जिथे तुम्ही दोन वर्षं होतात. पंचावन्नच्या आसपासचे आहेत, इथे सिटी बस चालवतात, वीसेक वर्षांपूर्वी जीव घेऊन आले. मला उस्ताद म्हणतात, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी मला झाडाशी मोठ्याने बोलताना पाहिलं आणि त्यांना वाटलं मी मास्तर असणार. आम्ही जर्मनमध्ये बोलतो, दोघांचीही जर्मन सारखीच लंगडी, त्यामुळे कुणाला संकोच नाही. जुलै महिन्यात दुधीचा वेल कुंपणावरून पलीकडे गेला तेव्हा ते म्हणाले, "उस्ताद, तुमचा भोपळा माझ्या देशात शिरलाय." मी म्हटलं, "मग त्याचे कागद तपासा." "कागद नसतातच त्यांच्याकडे," ते म्हणाले, "म्हणून तर मला आवडतात."

अशा माणसासमोर मी तुमचा मोठेपणा सांगितला नसता तरच नवल. आयुष्यभर सांगत आलो. भूमी अभिलेख खात्यातले साधे भूमापक, डेप्युटेशनवर आफ्रिकेत गेले आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांची नावं जमिनीला लावून आले. शाळेत सांगितलं, कंपनीत कँटीनमध्ये सांगितलं, इथल्या गणपतीत तर दरवर्षी कुणा नव्या पोराला पकडून सांगतो. त्यांनाही सांगितलं. ते खुरपं ठेवून उठले. "कुठल्या भागात?" मला गावाचं नाव आठवेना, म्हणून पुढच्या शनिवारी तळघरातल्या पेटीतून तुमची फील्ड बुक काढून नेली. कापडी पाठीची ती लांबट वही, प्रत्येक पानाखाली तुमची सही आणि हुद्दा.

गावांची नावं तुम्ही रोमन लिपीत काढली आहेत, बाकी सगळं मराठीत. ते बोट फिरवत होते आणि नावं मोठ्याने वाचत होते, जशी आपण ओळखीच्या रस्त्यावरची दुकानं वाचतो. हा ओढा, ही विहीर, हे आमच्या काकांचं शेत. मग एका पानावर बोट थांबलं. दोन समांतर तुटक रेघा, उत्तरेकडून दक्षिणेकडे, चार-पाच शेतांना मधोमध कापत गेलेल्या. बाजूला तुमच्या वळणदार अक्षरात तीन ओळी. "इथे काय लिहिलंय, उस्ताद?" मी चष्मा लावला आणि वर्गात उभं राहून म्हणावं तसं छाती काढून वाचायला लागलो, एकेक वाक्य जर्मनमध्ये करत. "या पट्ट्यातून दरवर्षी पावसाळा संपताच गुरांचे कळप दक्षिणेस जातात. शेतकऱ्यांची हरकत नाही, जुनी वहिवाट आहे. नोंद करण्यास रकाना नाही." शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. जमिनीच्या कागदांत मी वाढलोय, अण्णा. त्या वाक्याचा अर्थ मला कुणी समजावून द्यायला नको.

 तुमच्या सुनेने थर्मासमधला चहा दिला तो त्यांनी घेतला. मग सावकाश सांगू लागले. आधी म्हणे तिथे सुलतान होता, तो शिक्का मारून जमिनी द्यायचा. मग इंग्रज आले. त्यांनी दारफुर सुदानला जोडलं आणि शेख, नाझिर असे जुने मुखिया तसेच ठेवून त्यांच्याकडूनच कारभार हाकला. वरचे कुणी का असेनात, दरवर्षी पीक निघालं की गावचे शेख आणि कळपवाल्यांचे म्होरके एका झाडाखाली बसायचे आणि कळप कधी सोडायचे तो दिवस ठरवायचे. कळपांच्या त्या वाटेला मुरहाल म्हणतात. "मग खार्टूमला नवं सरकार आलं, त्यांनी शेखांचा कारभारच मोडून टाकला. ज्या जमिनीचा कागद नाही ती सरकारची, असा कायदा केला. त्याच सुमारास तुमचे वडील आले असणार, कागद करायला. पुढे एका दारफुरचे तीन प्रांत केले, मग पाच. कचेऱ्या झाल्या भरपूर. वाटेचं विचारायला कुठल्या कचेरीत जायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं."

"आणि वाट?" मी विचारलं.

"काकांच्या नावावर जमीन लागली, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी त्या पट्ट्यात बाजरी पेरली. काट्यांचं कुंपण घातलं. कळप आले तेव्हा त्यांना कागद दाखवला. कागदावर वाट नव्हती." त्यांनी कप खाली ठेवला. "दोन माणसं मेली त्या वर्षी. एक त्यांचा, एक आमचा. मग दुष्काळ आला, मग दरवर्षी काहीतरी व्हायचं. शेवटी घोड्यांवरून बंदूकवाले आले आणि गावच राहिलं नाही. आता पुन्हा तेच चाललंय, बहीण कुठल्या छावणीत आहे तेही तीन आठवडे कळलेलं नाही." मी काहीतरी बोलायला गेलो तर त्यांनी हात वर केला. "युद्ध तुमच्या वडिलांनी लावलं नाही, उस्ताद. बंदुका वाटणारे दुसरे होते."

हे त्यांचं औदार्य. माझ्यापाशी तेवढं नाही.

कारण मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी सातवीत असेन. आई चुलीपाशी भाकऱ्या थापते आहे, आणि तलाठी पाटावर चहा घेत बसला आहे. शेजारच्या वावरातून आपल्या विहिरीकडे जाणारी पायवाट सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवायची त्याच्याकडून राहून गेली होती. "अण्णासाहेब, वाट काय, सगळ्यांना माहीतच आहे," तो हसत म्हणतो. आणि तुम्ही, कधी आवाज न चढवणारे तुम्ही, त्याच्या हातातली बशी काढून घेता. "आज सगळ्यांना माहीत आहे. ती माणसं मेल्यावर कुणाला विचारशील? रकान्यात नसेल तर समासात लिही, पण लिही." तो बिचारा चहा अर्धा टाकून चावडीवर गेला आणि नोंद करून आला. आपल्या वीस पावलांच्या वाटेसाठी तुम्ही हे केलंत. तिथे हजारो गुरांची वाट होती. तिथे समास नव्हता का, अण्णा? शाई संपली होती? की साहेबाने तक्ता छापून दिला, त्यात इतर हक्कांचा रकाना नव्हता, मुदत संपत आली होती, आणि परक्या मुलुखातली गुरं कुठून जातात याचं आपल्याला काय, असं वाटलं? तुम्हाला कळलं नसतं तर मी काही म्हटलं नसतं. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही रेघा आखल्यात, शेतकऱ्यांना विचारलंत, वहिवाट हा शब्दसुद्धा लिहिलात. मग वही मिटून घरी आणलीत आणि सरकारी रजिस्टरात फक्त नावं गेली.

दुसरी गोष्ट तर याहून खुपते. ते कळप तुम्ही मला पत्रातून पाठवले होते. निळ्या एअरमेलच्या कागदावर तुम्ही लिहिलं होतं की संध्याकाळी तंबूबाहेर बसलो की धूळ सोन्यासारखी होते, आणि त्या धुळीतून शिंगांचं एक रान चालत जातं, आणि शेवटचा बैल दिसेनासा झाला तरी घंटा कितीतरी वेळ ऐकू येत राहतात. मी ते पत्र उशाखाली ठेवून झोपायचो. त्यावर कविता केली, शाळेच्या हस्तलिखितात ती पहिल्या पानावर आली, मराठीच्या बाईंनी मला वर्गासमोर म्हणायला लावली आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसली. कवितेचं माझं वेड तिथूनच सुरू झालं, पुढे जन्मभर यंत्रांचे आराखडे काढले तरी सुटलं नाही. अजूनही डोळे मिटले की ती सोनेरी धूळ दिसते. आता मला त्या धुळीची किळस येते. जे रजिस्टरात लिहायचं ते तुम्ही पोराला पत्रात लिहिलंत. सुंदर लिहिलंत. त्या घंटा ऐकून तुम्ही तंबूत शांत झोपलात आणि मी माझ्या उशीवर, आणि ज्यांची वाट होती त्यांच्या हाती एक ओळ आली नाही.

त्या शनिवारी ते शेजारचे गृहस्थ उठताना म्हणाले, "मला या पानांचे फोटो द्याल?" दोन्ही बाजूंची म्हातारी माणसं, छावण्यांत, कैरोत, कुठे कुठे विखुरलेली, फोनवरून जुन्या वाटा गोळा करताहेत. कधी परत जायला मिळालं तर निदान ही भांडणं तरी मिटलेली असावीत म्हणून. "आमची माणसं आजही सांगतात की तिथे वाट नव्हतीच. मीही तेच ऐकत वाढलो. आज पहिल्यांदा पाहतोय की होती." मी म्हटलं, म्हणजे हे तुमच्याच काकांच्या विरुद्ध जाणार. "गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "चुलतभाऊ मला गद्दार म्हणतील. म्हणू देत. पण सही नीट दिसली पाहिजे, उस्ताद. सरकारी माणसाची सही असली तर तो पुरावा. नसली तर आणखी एक गोष्ट, गोष्टी आमच्याकडे पुष्कळ आहेत."

घरी येताना बसमध्ये मी वही मांडीवर घेऊन तेच पान पुन्हा उघडलं. तुमची सून म्हणाली, "अहो, काय एवढा विचार? फोटो तर काढायचेत."

"अण्णांचं नाव कुठल्या कुठे जाईल. नोंद बुडवणारा म्हणून."

"मग इतकी वर्षं तुम्हीच नाही का मिरवत होता ते नाव? तेव्हा कुठल्या कुठे गेलेलं चाललं." आणि पुढे, "अण्णांनी वही जाळली नाही, एवढं बघा. पेटीत मीच ठेवली होती त्यांच्या सांगण्यावरून. नीट ठेव म्हणाले होते." हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. तुम्हीही नाही. नीट ठेव म्हणजे काय, अण्णा? कुणीतरी कधीतरी मागायला येईल असं वाटत होतं? मग आपण होऊन द्यायला काय झालं होतं? तिथून परत आल्यावर वीस वर्षं तुम्ही आरामखुर्चीत बसून पेपर वाचलात. एक पत्र लिहायचं होतं तिकडे. साधं कार्ड.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर वही ठेवून सगळ्या पानांचे फोटो काढले आणि त्यांना पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं. फोटो फार चांगले आलेत, आभार, फक्त वाटेच्या पानावर खालच्या कोपऱ्यात अंगठा आलाय, सही झाकली गेली आहे, सवड झाली की ते एक पान पुन्हा काढाल का.

आज सकाळी खिडकीपाशी चांगल्या उजेडात ते पान पुन्हा काढलं. तुमची सही पुरी दिसते, खालची दुहेरी रेघसुद्धा. पाठवून दिलं. सोबत जर्मनमध्ये लिहिलं की माफ करा, म्हातारपणी हात हलतो, अंगठा चुकून आला. त्यांनी लगेच उत्तर दिलं, काही हरकत नाही, उस्ताद. पण तुम्हाला, अण्णा, मला खोटं लिहिता येत नाही. माझा हात अजून हलत नाही.