परिशिष्ट ग

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. खरं तेच लिहायचं, असा संकल्प.

ज्येष्ठ नागरिक आधार मंडळाला तीन वर्षं होत आली. संस्थापक मी, अध्यक्ष मी. कल्पनाही संपूर्णपणे माझी. ही फक्त एवढंच म्हणाली होती की दिवसभर घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा एखादं मंडळ का काढत नाही. पुढचं सगळं माझं.

काल बिल्डिंगचा सेक्रेटरी जिन्यात भेटला. तोंडात टूथब्रश. तशाच तोंडाने म्हणाला की पंपाशेजारची तळमजल्यावरची खोली एक एप्रिलपासून कुरियरवाला घेतोय, तो भाडं देतो, तुमचं मंडळ तीन वर्षं फुकट बसलंय. भाडं भरा, नाहीतर खोली सोडा. बोलता बोलता माझ्या बाहीवर फेस उडवला. शर्ट धुवायला टाकला.

उपाय माझ्याकडे तयार आहे. सरकारचं सामुदायिक सेवा अनुदान. खोलीचं भाडं आणि वर्षाचा खर्च मिळतो. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत फायली हाताळल्या, मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. अनुदान खिशात आलं असंच समजायचं.

जाता जाता: उजव्या मोज्याला पुन्हा अंगठ्यापाशी भोक. मोजे घेऊन दहा दिवस झालेत. कंपन्यांनी नुसती लूट मांडली आहे.

४ फेब्रुवारी
मंडळाच्या खोलीत कामाला बसलो. टेबलावर नखं. माणसांची, पायाची, पिवळी, जाड. एक माझ्या लेटरहेडवर.

हा उद्योग आमच्या हिचा, दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड नर्सबाईंचा आणि खालच्या टेलर मास्तरांचा. दुपारी तीन ते पाच आसपासचे म्हातारे गोळा करायचे, त्यांचे पाय कोमट पाण्यात बुडवायचे, नखं कापायची, बीपी बघायचं. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांना सकाळी वर जाऊन डबा पोचवायचा. मास्तर फुकट बटणं लावून देतात. हिशेब नाही, ठराव नाही, इतिवृत्त नाही. एक वही आहे, शाळेतल्या पोरांची असते तसली, तेलकट कव्हरची. मी ती कधी उघडलेली नाही. हात लावायचीच किळस येते.

मी स्पष्ट सांगितलं की हे मंडळाचं काम नव्हे. नर्सबाई म्हणाल्या, वय झालं की वाकता येत नाही, नख आत वाढतं, जखम होते, त्यात साखर असली की पाय जायची वेळ येते. मी म्हटलं असेल, पण मंडळाचं काम म्हणजे धोरण. त्या नावाची माझी फाइलही आहे. हिने फडक्याने नखं गोळा केली आणि म्हणाली, अहो, धोरणावर कप ठेवू नका, डाग पडलाय.

७ फेब्रुवारी
अनुदान कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने बोटाला थुंकी लावून फॉर्म मोजले आणि त्याच बोटाने मला दिले. घरी येऊन दोनदा हात धुतले.

फॉर्म बावीस पानी. परिशिष्ट क म्हणजे उद्दिष्टं, ख म्हणजे पदाधिकारी, ग म्हणजे लाभार्थ्यांची यादी. त्यात नाव, तक्रार, दिलेली सेवा, पडलेला फरक. कारकून म्हणाला की काका, छोट्या गटांसाठी एक पानाचा फॉर्म पण आहे, रजिस्ट्रेशन लागत नाही, मुदतही मार्चअखेर आहे, तोच भरा ना. मी त्याला माझा हुद्दा सांगितला. त्याने पुन्हा थुंकी लावून दोन्ही दिले.

एक पानाच्या फॉर्मची चौपदरी घडी केली आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. आता टेबल हलत नाही.

१२ फेब्रुवारी
परिशिष्ट क पूर्ण. अकरा पानं, चौतीस उद्दिष्टं. 'मूल्याधारित वार्धक्य' हा शब्दप्रयोग माझा. संध्याकाळी वाचून दाखवलं. सहाव्या उद्दिष्टाला हिला झोप लागली. मास्तर शेवटपर्यंत जागे होते. तोंडात सुई असल्यामुळे बोलले नाहीत, पण मान हलवली. एकमताने मंजूर.

संकल्प: रोज अर्धा तास चालणे. रोज दोन पानं लिहिणे. चिडणे बंद.

१३ फेब्रुवारी
चाललो नाही. अंगठा दुखतो. बूट निकृष्ट. चिडलो, पण सकारण.

१७ फेब्रुवारी
परिशिष्ट ग. ही म्हणाली, आमची वही घ्या की, एक्केचाळीस नावं आहेत, कुणाला काय होतंय, काय केलं, सगळं लिहिलेलं आहे. मी समजावलं की सरकारला एक्केचाळीस हा आकडाच दिसत नाही, तिथे शेकड्यात बोलावं लागतं. 'अंदाजे ३००' लिहिलं आणि पुढे 'यादी मागाहून सादर करू'. या चार शब्दांवर आमचं ऑफिस एकतीस वर्षं चाललं.

ही म्हणाली, अहो, खोटं कशाला. मी म्हटलं हे खोटं नव्हे, हा अंदाज आहे. ती डबे उचलून गेली.

चहात साखर नव्हती. रागाने घातली नसेल म्हणून विचारलं, तर म्हणते, दोन वर्षं झाली बंद करून. मला कुणी कळवलेलं नाही.

२० फेब्रुवारी
अर्ज दाखल. जोडपत्रांसह शहाऐंशी पानं. शिक्का मिळाला. त्या कार्यालयातल्या स्वच्छतागृहाबद्दल लिहायला लेखणी धजत नाही.

१ मार्च
पत्र आलं. दहा मार्चला दुपारी तीन वाजता प्रत्यक्ष तपासणी. म्हणजे नव्वद टक्के काम झालं. सेक्रेटरीला पत्र दाखवलं. तो म्हणाला, बघू, कुरियरवाल्याला मी शब्द दिलाय. त्याच्या दातात काहीतरी अडकलेलं होतं. बोलताना तेवढंच दिसत होतं.

६ मार्च
सर्वांना लेखी सूचना. दहा तारखेला खोलीत पाय, पाणी, बादल्या आणि नखं दिसता कामा नयेत. ज्येष्ठांनी अंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत, चार वाजता माझ्या भाषणाला यावं. चाळीस खुर्च्या भाड्याने सांगितल्या. बॅनर तयार. त्यावर माझा फोटो, जरा जुना, पण भारदस्त.

नर्सबाई म्हणाल्या की त्या दिवशी एका आजींचा अंगठा बघायचाच आहे, उशीर केला तर पिकेल. मी म्हटलं अकराला पिकू दे. त्यावर मास्तरांनी सांगून टाकलं की मग आमच्या दुकानात बसा सगळे, कापड बाजूला सारतो. नर्सबाई जाताना माझ्या पायांकडे बघत होत्या. उद्धट बाई आहे.

मोजे पुन्हा फाटले. आश्चर्य म्हणजे मागचे फाटलेले कपाटात धडधाकट सापडले. बहुधा मीच चुकीचे टाकले होते.

१० मार्च, दुपारी २.१५
सर्व सज्ज. बॅनर सरळ. खुर्च्या चार रांगांत. भाषण सतरा मिनिटांचं. खोलीत मी एकटाच, त्यामुळे शांतता उत्तम. अंगठा ठणकतोय. पाहुणे यायच्या आत जरा बूट काढून बघतो.

१० मार्च, संध्याकाळी ६.३०
लिहवत नाही. पण संकल्प आहे.

तपासणी अधिकारी बाई अडीचलाच आल्या. स्कूटरवर, एकट्या, हातात हेल्मेट. मी एक पाय गुडघ्यावर घेऊन, मोजा काढून अंगठा बघत होतो. बघत म्हणजे, पाय तेवढा वर येत नाही, त्यामुळे प्रयत्न करत होतो. मी उठणार तोच म्हणाल्या, बसा आजोबा, बसा. मग शेजारी खुर्ची ओढून विचारलं की इथे रोज येता का, घरी कोण कोण आहे, दुपारचं जेवण झालं का.

मी त्रेसष्ट वर्षांचा आहे.

मी सांगितलं की मी अध्यक्ष आहे. त्या म्हणाल्या, हो का, छान, आणि माझा मोजा खाली पडला होता तो उचलून माझ्या हातात दिला. मी बॅनरकडे बोट दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग तीनशेंची यादी मागितली. मी म्हटलं, मागाहून. एरवी महिन्याला किती जण येतात असं विचारलं. मी म्हटलं, प्रतिसाद पॉझिटिव्ह आहे.

तेवढ्यात टेलरच्या दुकानातून हसण्याचा आवाज आला. त्या म्हणाल्या, तिकडे काय आहे, आणि गेल्या. मला बूट चढेना.

दीड तास तिथे होत्या. मी खिडकीतून पाहिलं. चौदा म्हातारे, बादल्या, पाणी जमिनीवर सांडलेलं. ही स्टुलावर बसून कुणाच्या तरी टाचा पुसतेय. आणि अधिकारी बाई कापडाच्या गठ्ठ्यावर बसून ती तेलकट वही पानामागून पान वाचताहेत. एकदा वाचता वाचता थांबल्या, हिला काहीतरी विचारलं, आणि दोघींनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी बॅनर नीट करत असल्यासारखं केलं.

चार वाजता चाळीस खुर्च्यांवर तीन माणसं. त्यातल्या एकाने विचारलं, नखं कधी सुरू होणार.

११ मार्च
व्यवस्थेचा वीट आला. ही सगळी यंत्रणा आतून सडलेली आहे, आणि हे मी अनुभवाने सांगतो, कारण एकतीस वर्षं ती मीच चालवली.

१७ मार्च
अर्ज नामंजूर. 'तपासणीत लाभार्थी आढळून आले नाहीत.' शहाऐंशी पानांना एक ओळ.

दुपारी माझ्या फोनवर अधिकारी बाईंचा फोन. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाल्या, आजोबा, जरा वहीवाल्या ताईंना द्या ना. मी दिला. ही हो, हो, बरं, एवढंच म्हणत होती. ठेवल्यावर मला विचारलं, एक पानाचा फॉर्म आणला होतात ना, कुठे आहे.

मी म्हटलं, आठवत नाही. मास्तरांनी टेबल उचललं.

१८ मार्च
फॉर्मवर टेबलाच्या पायाचा गोल ठसा. हिने त्याच्यावरूनच बॉलपेनने भरला. दहा मिनिटं. उद्दिष्टाच्या रकान्यात: आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणे. मी म्हटलं, अगं, एवढंच? यात मूल्याधारित काहीच नाही. ती म्हणाली, जागा तेवढीच आहे हो.

यादी म्हणून वहीची झेरॉक्स जोडायची. ते काम मी मागून घेतलं. म्हटलं जमलं तर शुद्धलेखन तरी सुधारावं. ही एकदम म्हणाली, नको, मास्तर जातील. मग थांबली आणि म्हणाली, बरं, जा तुम्हीच.

१९ मार्च, सकाळी ११
झेरॉक्सच्या दुकानात वही उघडली. पहिलं पान.

क्रमांक १. तारीख तीन वर्षांपूर्वीची, माझ्या निवृत्तीनंतर दीड महिन्याने. नाव माझं. अक्षर हिचं.

तक्रार: रिटायर झाले. दिवसभर चिडतात. मी आता कुणाच्या कामाचा नाही म्हणतात. रात्री जागे असतात.
दिलेली सेवा: मंडळ काढायला लावले. सात सह्या गोळा केल्या. अध्यक्ष केले.
पडलेला फरक: झोप लागते.

खाली नर्सबाईंच्या अक्षरात: साखर बंद, सांगितलेले नाही. त्याखाली पुन्हा ही: उजवा अंगठा. नख आत वाढतंय. वाकता येत नाही पण कबूल करत नाहीत. मोजे रफू केले. त्याखाली, मोजे रफू केले. त्याखालीही तेच, नऊ वेळा, तारखांसह.

झेरॉक्सवाल्याने बोटाला थुंकी लावली आणि विचारलं, काका, किती कॉपी. मी म्हटलं, दोन.

शुद्धलेखन सुधारलं नाही.

२१ मार्च
काही लिहिण्यासारखं नाही.

२८ मार्च
कुरियरवाला खोली मोजून गेला. टेपचं एक टोक मला धरायला दिलं. धरलं. तीन वाजता म्हातारे आले, तो असताना बाहेर जिन्यावर बसले. नर्सबाईंनी बादल्या जिन्यावरच मांडल्या.

३० मार्च, दुपारी ४.४०
मंजुरीचं पत्र. वर्षभराचं भाडं आणि औषधपाणी. सेक्रेटरीच्या हातात नेऊन दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, वहिनींना अभिनंदन सांगा. खोली राहिली.

पत्रासोबत तपासणीचा अहवाल जोडलाय. 'यादीतील लाभार्थ्यांची पडताळणी केली. क्रमांक १ यांची समक्ष भेट घेतली. ते समाधानी आढळले नाहीत. तरी त्यांची सेवा चालू ठेवावी.'

तीन वाजता खोलीत गेलो. रांगेत बसलो, एका आजींच्या मागे. नंबर आला तेव्हा मोजा काढला. हिने कोमट पाणी आणलं. नर्सबाई म्हणाल्या, हलू नका, आणि अंगठा हातात धरला. दुखलं. मग दुखायचं थांबलं.

टेबलावर माझी नखं. फडकं घेऊन मीच गोळा केली.

आता सरकारी नियमाप्रमाणे वहीत लाभार्थ्याची सही लागते. क्रमांक एकपुढे केली. सहीखाली सवयीने 'अध्यक्ष' लिहिलं गेलं. हिने पाहिलं. खोडलं नाही.