आमटीतला बटाटा

प्रिय आई,

तुला जाऊन दोन वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण ओट्यापाशी उभी राहिले की तुझ्याशी माझं बोलणं चालूच असतं. आज मात्र कागद घेऊन बसले आहे. काल दुपारी मुक्ताने माझ्या आमटीत गुपचूप बटाटा सोडला.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते, हे तुझी नात विसरली. तिने पळीने आमटी चाखली, डोळे घट्ट मिटले, एकदा दाराकडे पाहिलं आणि सोललेल्या बटाट्याचे दोन मोठे तुकडे आत सोडून झाकण ठेवलं. वीसेक मिनिटांनी पुन्हा आली आणि ते तुकडे झाऱ्याने काढून घेतले. मी तुझ्या जावयाचा, श्रीकांतचा ओला शर्ट हातात धरून तशीच उभी होते. बटाटा मीठ ओढून घेतो, हे तिला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे.

तुला माहीत नाही. तुला कधी कळू नये म्हणूनच तर माझी सगळी धडपड होती. आता सांगते.

तुझा स्वयंपाक आठवतो ना तुला? निपाणीहून लग्न होऊन यशवंतपूरच्या या घरात आलीस तेव्हा तुझ्याकडे चार डबे आणि एक कढई होती, असं तू अभिमानाने सांगायचीस. तुझी सगळी विद्या एका फोडणीत होती. मोहरी, जिरं, हिंग, कढीलिंब, मिरची, कांदा, मग पाणी. इथपर्यंत रोज तेच. पुढे त्या उकळत्या पाण्यात रवा पडला तर उपमा, बेसन पडलं तर पिठलं, शेवया पडल्या तर मुक्ताचा डबा. पाणी न घालता कालचा भात परतला की फोडणीचा भात, वर लिंबू पिळून खोबरं पेरलं की शेजारच्या कानडी अक्का म्हणायच्या, हे तर आमचं चित्रान्न. कांदा नसला तर कोबी. कोबी नसला तर भोपळ्याची सालं. एखादा जिन्नस नाही म्हणून तुझं कधी अडलं नाही. वाटी-चमचा तुला ठाऊक नव्हता. सगळ्याचं तुझं माप एकच, ‘स्वल्प’. स्वल्प हळद, स्वल्प गूळ, स्वल्प मीठ!

आणि तुझे दोन नियम. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, आणि ताटात आलेल्या अन्नाला नाव ठेवायचं नाही. खारट असो, करपलेलं असो, मुकाट्याने खायचं. लहानपणी एकदा भाजी कडू आहे म्हटल्यावर तू माझं ताट उचलून ठेवलं होतंस आणि दिवसभर माझ्याशी बोलली नव्हतीस. अण्णांनीही कधी तोंड उघडलं नाही. मुक्तालाही तू तेच शिकवलंस. फार चांगलं वळण आहे, असं मी चारचौघांत सांगत असे.

त्या वळणाने आपला घात केला गं.

अण्णा गेल्यावर आपण चौघं उरलो. तू, मी, श्रीकांत आणि तेव्हा अकरावीत असलेली मुक्ता. एक दिवस तुझ्या उपम्यात बडीशेप निघाली. इतका छान लागला की श्रीकांतने दोनदा मागून घेतला. मग पिठल्यात साखर आली. आम्ही म्हटलं, गुजराती पद्धत. मग आमटी आज फार खारट, उद्या अगदी अळणी. तुझ्या हातचं रोज वेगळं असायचंच, तेव्हा चूक कुठली आणि कल्पना कुठली हे कोण ओळखणार? दुसरी कुणी असती, मोजूनमापून करणारी, तर आठवड्यात पकडली गेली असती.

पण मला कळलं होतं. हेच मला तुला सांगायचं आहे. इतरांना नसेल, मला कळलं होतं. तू आंघोळीला गेलीस की मी आमटी चाखायची आणि बटाटा सोडायची. तुझ्या त्या दोन नियमांपैकी एक मी रोज मोडत होते, तो दुसरा पाळायचा म्हणून. तो खारट बटाटा सिंकपाशी उभ्याने मीच खाऊन टाकायची. मला वाटायचं, मी तुझा मान राखते आहे. ज्या दिवशी थालीपीठात तिळाऐवजी चहापूड निघाली, त्या दिवशीही आपण सगळ्यांनी ते संपवलं. मुक्ताच्या दातांना काळे कण चिकटले होते आणि ती माझ्याकडे बघत चावत होती.

तुला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, हे विसरणं कधीपासून चाललंय? श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं, मी मुक्ताकडे. दोन वर्षं, असं मी शेवटी म्हणाले, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. लवकर आला असतात तर निदान आजींशी बोलून पुढचं ठरवता आलं असतं, एवढंच ते म्हणाले. पुढची सहा वर्षं तुला ठाऊक नाहीत. मला ठाऊक आहेत. शेवटी तर घास तोंडाशी नेला की तू ओठ मिटून घ्यायचीस, जणू आम्हीच तुला काहीतरी भलतं खायला घालत होतो.

आता तुझ्यावरचा रागही सांगून टाकते. तू गेल्यावर मी ओटा घासायला काढला. शेगडीच्या मागच्या फरशीवर, तेलकट थराखाली, टिकल्या होत्या. लाल, बारीक, तुझ्या नेहमीच्या. ओळीने लावलेल्या, तीस-चाळीस तरी असतील. मला आधी वाटलं तुझा वेंधळेपणा. मग लक्षात आलं. मीठ घातलं की तू एक टिकली लावत होतीस. म्हणजे तुला कळत होतं! इकडे मी बटाटे सोडत होते, तिकडे तू टिकल्या चिकटवत होतीस, आणि एकाच ओट्यापाशी उभ्या राहून आपण दोघी भोपळ्याच्या भावाबद्दल बोलत होतो. आई, मला एकदा हाक मारून सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

हा प्रश्न मी तुला दोन वर्षं विचारते आहे. कालपासून तोच माझ्याकडे तोंड करून उभा आहे.

तुला सांगायचं राहिलं, मी शनिवारी बेळ्ळंदूरला स्वयंपाक शिकवते. तिथल्या उंच इमारतींत पुण्या-नागपूरची मुलं राहतात, आयटीतली, रोज बाहेरून मागवून खाणारी. एकीच्या घरी सात-आठ जण जमतात आणि मी त्यांना तुझी फोडणी शिकवते. एक कढई, त्यात हवं ते. घरात असेल त्यातून जेवण उभं राहतं हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ही सगळी तुझीच शिदोरी आहे.

तीन आठवड्यांमागे मी पिठलं दाखवत होते. मीठ घातलं, मुलांच्या कुठल्याशा विनोदावर हसले, आणि तेवढ्यात नागपूरची एक मुलगी म्हणाली, “काकू, मीठ तुम्ही तिसऱ्यांदा टाकताय.” तिच्या घरी अन्नाला नाव ठेवतात बहुतेक. देव तिचं भलं करो. मी म्हणाले, बरं झालं, चुका कशा होतात तेही बघा. सगळे हसले. परतताना रिंग रोडच्या गर्दीत बस दीड तास अडकली होती आणि मी तेवढा वेळ मनात तिचं वाक्य उलटंपालटं करत होते. तिसऱ्यांदा? तिने मोजलं होतं. मी मोजलं नव्हतं.

त्यानंतर मला एकेक दिसायला लागलं. श्रीकांत हल्ली दोन्ही वेळा दही मागतो. उन्हाळा आला, पोटाला थंड, असं म्हणतो. मुक्ता इलेक्ट्रॉनिक सिटीतून परतीची बस धरायच्या आधी ऑफिसातच जेवून येते, तिकडे जेवण बरं मिळतं म्हणून. आणि मी? मीठ घातलं की मी बरणीचं झाकण उलटं ठेवते. कधीपासून ठेवते ते आठवत नाही. मला ती नीटनेटकी सवय वाटत होती. काल बटाटा पाहिल्यावर त्या उलट्या झाकणाकडे मी नुसती बघत बसले.

दुपारी आम्ही तिघं जेवलो. आमटी बरी लागत होती.

चार वाजता मुक्ता चहा घेऊन आली तेव्हा मी तिला सरळ विचारलं, “आमटीत बटाटा कधीपासून सोडतेस?”

तिने कप खाली ठेवला.

“दसऱ्यापासून,” ती म्हणाली.

मी बोटांवर मोजलं. पाच महिने होतात. बोललीस का नाही, असं मी विचारणार होते, पण कोणत्या तोंडाने? तिनेच न विचारता उत्तर दिलं.

“तू आजीला कधी सांगितलं होतंस?”

मग ती रडली. मी रडले नाही, मला भयंकर राग आला होता. तिचा नाही, तुझा नाही, त्या बटाट्याचा. मी म्हणाले, तुमचा गैरसमज झालाय, वय झालं की एखाद्या वेळी होतं, पन्नाशीनंतर कुणाचं होत नाही? बी-बारा कमी असेल, थायरॉइड असेल, झोप नीट होत नाही. हे सगळं खरंही असू शकतं, आई. मी अजून त्याच आशेवर आहे.

संध्याकाळी मी पिठलं करायला घेतलं. त्या दोघांना बाहेरच्या खोलीत बसवलं. फोन बंद केला. मोहरी, जिरं, हिंग, कढीलिंब, मिरची, कांदा, पाणी. मीठ अगदी ठरवून, एकदाच घातलं आणि मोठ्याने म्हटलंसुद्धा, मीठ घातलं. बेसन पेरलं, गुठळी होऊ दिली नाही, कोथिंबीर टाकली. दिसत तर इतकं सुरेख होतं! भाकरीबरोबर वाढलं आणि म्हणाले, आज नाव ठेवायचं. नियम गेला. खाऊन खरं काय ते सांगा.

श्रीकांतने घास घेतला आणि ताटाकडे बघत राहिला. मुक्ताने घास घेतला, गिळला, माझ्या हातावर हात ठेवला.

“आई, मीठच नाहीये.”

मी आत जाऊन पाहिलं. बरणीचं झाकण उलटं होतं.

मुक्ता मागून आली, तिने मीठ घेतलं आणि बाहेर जाऊन तिघांच्या ताटात थोडं थोडं वाढलं. आम्ही जेवलो. इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं होतं, आणि ते मला नको होतं.

आज सकाळी दोघं कामावर गेल्यावर हे लिहिते आहे. तुझ्या ओट्यासमोर स्टूल घेतलं आहे. टिकल्या मी तेव्हाच खरवडून काढल्या होत्या, पण उन्हाची तिरीप आली की फरशीवर त्यांचे गोल डाग अजून दिसतात. आज मी ते डाग मोजायला लागले आणि मधेच थांबले.

तुला एक वचन देते. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यांनी कधीपासून विचारलं की कुणी कुणाकडे बघणार नाही. दसऱ्यापासून, असं मीच सांगेन. बेळ्ळंदूरच्या मुलांनाही सांगेन, की मी शिकवताना एकाने माझ्या मिठाकडे लक्ष ठेवायचं. जे निघायचं ते निघो, पण या घरात आता कुणी माझा खारट घास मान राखून गिळणार नाही.

मी दिलेलं वचन माझ्याच लक्षात राहील, याची मला कालपासून खात्री नाही. म्हणून हे पत्र मी तुझ्या फोटोमागे ठेवत नाही. संध्याकाळी मुक्ताच्या हातात देते आहे. गुरुवारी सकाळी मी म्हणाले की कसले डॉक्टर, काय झालंय मला, तर तिने हे मला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे.

तुझी,
सुमन