तुमच्या नावावर आलेला लेख

प्रिय सोनवणे मॅडम,

आमच्या अहवालाच्या संदर्भसूचीतून तुमचं नाव खोडलं. मीच खोडलं. वर्गात सगळ्यांना ते माहीत झालंय, तुमच्या घरी काकांनाही माहीत आहे. राहिलात फक्त तुम्ही! हे पत्र कुठे पोचणार नाही, कळतं हो मला. पण तुमच्याविषयीची गोष्ट तुमच्यापासूनच लपवल्यासारखी वाटत होती, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेलात आणि एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला नवीन सर आले. चांगले आहेत. तुमच्यासारखे मोठ्याने हसत नाहीत, एवढंच. प्रकल्पाला विषय मात्र मी तुमचाच घेतला: चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या बायका आपली लहान मुलं कुठे ठेवतात?

यावर किती बोलायचात तुम्ही! कॅन्टीनमध्ये, बसस्टॉपवर, भोसरीला आमच्या गॅरेजमध्येसुद्धा. स्कूटरची ब्रेकची वायर तुटली म्हणून आला होतात आणि अब्बांना म्हणालात, "तुमची समीना हुशार आहे, पण कशालाही लगेच हो म्हणते. ती खोड मोडायचीय मला." अब्बा हातातला पाना तसाच धरून हसत सुटले. "मॅडम, घरात तर ही कुणाचं ऐकत नाही!"

एवढं बोललात, मग लिहून का नाही ठेवलंत? विचारलं की म्हणायचात, "लिहू गं सवडीने." कसली सवड नि कसलं काय! रागावत नाही मी. पण तुम्ही चार पानं जरी लिहून ठेवली असतीत, तर पुढचं काही घडलंच नसतं.

ओंकार आठवतो ना? महाळुंग्याचा. त्याच्या वडिलांच्या भाड्याच्या खोल्या आहेत म्हणून तुम्ही त्याला 'घरमालक' म्हणायचात. प्रकल्पात तो माझा जोडीदार. एका संध्याकाळी त्याने एआयला विचारलं, "सोनवणे मॅडमनी या विषयावर काय लिहिलंय?" वाईट हेतूने नाही, त्यालाही तुमची आठवण येत होती. आणि उत्तर आलं! लेखाचं नाव, त्रैमासिकाचं नाव, साल, पान क्रमांक, खाली सारांश.

त्याने लगेच मला फोन केला. "समे, मॅडमचा लेख सापडला गं!"

मी गॅरेजमधल्या स्टुलावर बसून सारांश वाचला. बहुसंख्य महिला पाळणाघराच्या सोयीबाबत समाधानी असून कंपन्यांचे सहकार्य उल्लेखनीय आहे, असं तुम्ही म्हटलं होतं. तुम्ही? कंपन्या काहीच करत नाहीत म्हणून चिडणाऱ्या? मला खटकलं. पण लगेच मनाची समजूतही घातली. जुना लेख असेल, तेव्हा मत वेगळं असेल, कुणीतरी तसं लिहायला लावलं असेल. तुमच्या हातचं काहीतरी वाचायला मिळणार होतं, मॅडम. त्यासाठी मी तुमच्याच वतीने सबबी शोधत होते.

त्रैमासिक खरं होतं. त्यांच्या वेबसाइटवर मात्र जुने अंक नव्हते आणि कॉलेजच्या लायब्ररीत नेमका तोच अंक नव्हता. एखादी प्रत घरी असेल म्हणून ओंकारच्या बाइकवर आम्ही तळेगावला काकांकडे गेलो.

"लेख? आमच्या हिचा?" काकांनी चष्मा पुसला. मोबाइलवरची अक्षरं मोठी करून करून वाचलं. "मला कधी बोलली नाही ही."

"काका, अजून खात्री नाही," मी म्हटलं. "शोधतोय आम्ही."

"शोधा, शोधा." पण तोवर त्यांनी प्रज्ञाताईला फोन लावलाही होता. "अगं, आईचा लेख सापडलाय! छापलेला!" इतक्या खुशीत त्यांना मी तुम्ही गेल्यापासून पाहिलं नव्हतं. जायला निघालो तर दारात म्हणाले, "एक प्रत मला आणून दे हं. चांगल्या कागदावर काढ."

शेवटी अंक पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात मिळाला. त्या पानांवर भलत्याच माणसाचा भलताच लेख होता, दुष्काळी भागातल्या विहिरींवरचा. सगळी अनुक्रमणिका बघितली. आधीचा अंक बघितला, नंतरचा बघितला. संपादकांना मेल केला, तर त्यांचंही उत्तर आलं: असा लेख आम्ही कधी छापलेला नाही.

ओंकारने तिथेच जिन्यात बसून एआयला पुन्हा विचारलं, "हा लेख खरंच आहे का?" मग मोबाइल माझ्यापुढे धरला. "सॉरी म्हणतंय. खात्री देता येत नाही म्हणे!"

"हे आधी नाही विचारलंस?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

मला रडू आलं. तो लेख नव्हता हे खरं तर चांगलंच झालं होतं. पण तुमचं नवीन काही वाचायचं आता उरलं नव्हतं.

काकांना सांगायला मी एकटी गेले. लोकलने तळेगावपर्यंत जाताना वाक्यं जुळवत होते, तिथे पोचल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. "काका, तो लेख मॅडमचा नाही. कुणाचाच नाही तो. यंत्राने रचलाय."

काकांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"म्हणजे?"

"कंपनीवाले सहकार्य करतात असं ही लिहील? प्रज्ञा तान्ही होती तेव्हा हिला नोकरी सोडावी लागली होती. पोरीला ठेवायचं कुठे? मी शिफ्टला, आई गावाकडे. पुन्हा काम मिळेपर्यंत काय काय ऐकून घेतलंय तिनं! तुला नाही बोलली कधी?"

नाही हो बोललात. एवढी भाषणं दिलीत आम्हाला, पण ही गोष्ट एकदाही नाही!

"काका, मग त्या दिवशी गप्प का बसलात?"

"चार दिवस बरं वाटत होतं गं," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच प्रज्ञाताईला फोन लावला. "तो आईचा नव्हता बरं का. हो, हो. चौकशी केली पोरांनी." आवाज अगदी शांत होता. फोन ठेवून ते चहा टाकायला उठले आणि कितीतरी वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आले नाहीत.

त्यानंतर आम्ही एआयच्या मदतीने केलेल्या यादीतला एकेक संदर्भ उघडून बघितला. काही लेख नव्हतेच. एक होता, पण त्यात आम्ही लिहिलं होतं त्याच्या बरोबर उलट म्हटलं होतं! जे आम्ही स्वतः वाचलं नव्हतं ते सगळं काढलं. पूर्वसंशोधनाचं प्रकरण एवढंसं उरलं. "सर हसतील," ओंकार म्हणाला. सर हसले नाहीत. म्हणाले, "काय शोधलं आणि काय मिळालं नाही, तेही लिहा."

मग ओंकार मला त्याच्याच खोल्यांत घेऊन गेला. कोपऱ्यातल्या खोलीत परभणीकडच्या सुनीताताई राहतात. पाळणाघराचं विचारल्यावर त्या ओंकारकडे बघून हसल्या. "पाळणाघर? गेटच्या आत हाय म्हणतेत. पर्मनंटवाल्यांचं हाय ते. आमी ठेकेदाराचे. आमच्या लेकराला कोण घेतंय? सासूला आणलंय गावाकडून. तिला इथं करमत न्हाई, रोज म्हणती, मला गाडीत बसवून दे."

म्हातारी आतून ओरडली, "मग देत का न्हाईस बसवून?"

शेजारच्या खोलीतल्या तरुण मुलीचं मात्र वेगळंच. तिचं बाळ घरमालकीण, म्हणजे ओंकारची आई, सांभाळते. "मला काई तरास न्हाई," ती म्हणाली. ओंकारला हे ठाऊकच नव्हतं! घरी इतकी बाळं येतात-जातात, त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं म्हणे. आम्ही दोघींचंही लिहून घेतलं. तुमची बाजू भक्कम व्हावी म्हणून त्या मुलीला वगळावं, असं क्षणभर आलं होतं मनात. नाही वगळलं.

तुमची गोष्ट मात्र अहवालात घेतली नाही. "लिही की, खरी आहे ती," काका म्हणाले. खरी आहेच. पण तुम्ही ती आम्हाला सांगितली नव्हतीत. कदाचित सांगायची नसेल. कदाचित सांगणार असाल, सवडीने. कुणाला विचारू मी?

अहवाल पुढच्या आठवड्यात द्यायचाय. त्याआधी येत्या गुरुवारी, कंपन्यांची सुट्टी असते तेव्हा, आम्ही पुन्हा महाळुंग्याला जाणार आहोत. ज्या ज्या बाईचं बोलणं आम्ही लिहिलंय, ते तिला वाचून दाखवणार. 'मी असं म्हणाले नव्हते,' असं जिथे कुणी म्हणेल तिथे तिच्यासमोर ते खोडणार. कितीही छान वाक्य असलं तरी! हा शब्द देते तुम्हाला, आणि पुढे नोकरीला लागले तरी पाळीन.

तुम्हाला आता विचारता येत नाही, मॅडम. त्यांना येतं.

तुमची,
समीना