खडूस नावाचा खेळाडू

ता. ४ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद, दाढ अजून ठणकत असेल तर दोन जास्त. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद काळा करतेय. आई बरी आहे. ऑफिसातला पंखा मीच दुरुस्त केला; आता तो फक्त आवाज करतो.

शुक्रवारी तू तुझे सगळे शिंपले विकणार, असं वकिलांनी कळवलं. शिंपले म्हणजे आपण दोघांनी बनवलेल्या खेळाची टोकनं; आपल्याकडच्यातला निम्मा वाटा तुझा, मी कोण अडवणार? पण ब्लॉकचेनवर सगळं उघड दिसतं. बनवणाऱ्यानेच विकलं म्हटल्यावर भाव कोसळेल आणि आपल्या खेळातलं बंदर ओस पडेल, हे तुलाही ठाऊक आहे.

गेल्या वर्षी फुकट शिंपले वाटायची टूम तुझीच. झुंबड उडाली. लोकांनी घेतले, विकले आणि पोबारा केला. तू म्हणालास, "ताई, खेळ मेला. गाशा गुंडाळ."

मेला नाही. ती नर्स ड्यूटी संपली की खेळायला येते. बसवाले काका येतात. वादळात एकाची होडी फुटली की बाकीचे आपले शिंपले खर्चून, दोरांच्या गाठी मारून ती सांधतात. विकण्यापेक्षा इथे खर्चावासा वाटतो, म्हणून शिंपल्याला अजून किंमत आहे. एरवी तो नुसता आकडा.

आणि आमचा खडूस! हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. सगळ्यात जास्त होड्या तोच सांधतो. आधी दुसऱ्यांच्या गाठींना नावं ठेवतो, मग लिहितो, "सरका, मला करू द्या." नर्स म्हणते, "हा गेला तर मीही जाईन. भांडायचं कुणाशी?"

आज सकाळी मी माझा वाटा पाच वर्षांसाठी कुलूपबंद केला. आता मलाही तो विकता येणार नाही. परतीचे दोर कापलेत. तू विकलंस तरी मी बंदर चालवणार, एकच होडी उरली तरी.

एक गोष्ट मघापासून टाळतेय. लहानपणी माझ्या बुटांच्या नाड्या तुला कधी पसंत पडल्या नाहीत. माझ्याहून धाकटा असून गुडघ्यांवर बसायचास आणि म्हणायचास, "सरक, मला करू दे." परवा मी खोट्या नावाने खेळात शिरले, होडी फोडली आणि मुद्दाम वाकडी गाठ मारली. खडूस लगेच हजर! आधी हसले, मग रडले, मग तुझा भयंकर राग आला. खेळ मेला म्हणणारा माणूस रोज तिथे काय करतो रे?

शुक्रवारी काय करायचं ते तू ठरव. खडूसला मात्र निरोप दे. माझी होडी मी पुन्हा फोडून ठेवलीय आणि दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देणार नाही.

वाट पाहणारी,
तुझी वाकड्या गाठींची ताई