एका वाक्यात सांगणाऱ्यास घर

मी जालमसिंग फत्तेसिंग गिरासे, वय ७४, निवृत्त पोलीस पाटील, राहणार रनाळे, ता. जि. नंदुरबार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. या घरात दडपण आणायचे काम आजवर मीच केले.

कलम १. पोलीस पाटलाने ठाण्यात खबर द्यायची ती मोजक्या शब्दांत. कोण, कुठे, केव्हा, जिवंत की मयत. मी तीस वर्षे दिली. घरात मात्र ही अक्कल एकालाही आली नाही, म्हणून खालीलप्रमाणे वाटप करतो.

कलम २. माझा मोबाइल सून हीना हिला. तिने धाडलेली फुलांची सुप्रभाते त्यात न उघडता पडून आहेत. तिचे तिला परत.

कलम ३. मेहुणे रतनसिंग त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, तेराव्याला पाऊण तास बोलले. पंगत ताटकळली. माझे मनगटी घड्याळ त्यांना. बंद आहे, त्यांना चालेल.

कलम ४. पत्नी जमुनाबाई, मयत. तिला पोटातल्या गाठीबद्दल सांगायचे होते. सुरुवात केली म्हशीपासून, मग भाचीच्या लग्नावर आली. मी म्हणालो, "मुद्दा सांग, नहीते चूप बस." ती चूप बसली. वर्षभराने डॉक्टरने दोन वाक्यांत सांगितले. दोष मी तिचाच धरतो. तोंड तिला होते.

कलम ५. राहते घर, माझ्या कमाईचे. यातून मुलगा विनोद याला बेदखल करणार होतो. जमुना शहाद्याच्या दवाखान्यात असताना त्याने फोन केला, "आबा, माय थोडी नरम शे. सवकाश या." सावकाश म्हणाला म्हणून वाटेत सारंगखेड्याच्या घोडेबाजारात थांबलो. मी घोडीचे दात बघत होतो तेव्हा ती गेली. पोचलो तर खाट रिकामी, गादी उन्हात टाकलेली.

म्हणून अट घातली : वेळेवर का बोलावले नाही ते विनोदने साक्षीदारांसमोर एका वाक्यात सांगावे. पाल्हाळ लावल्यास घर ग्रामपंचायतीला. त्याला दोन लेकरे आहेत आणि दुसरे छप्पर नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच घातली.

कलम ६. आज सकाळी विनोद ओट्यावर उभा राहिला. "आबा, तुम्ही राग मानू नका, पण..." असे सुरू केले. मी हात वर केला. मग म्हणाला, "मायनीच सांगं व्हतं, मी मरी जात नही तवलोंग त्यासले बलावू नको."

खबर पूर्ण आहे. ती मरेपर्यंत मला बोलावू नये, हे तिचेच सांगणे होते. इतके स्पष्ट या घरात पूर्वी कोणी बोलले नव्हते. मला ते सहन झाले नाही, तरी अट ती अट. घर विनोदला.

मी विचारले, "आजून काही बोलनी का ती?"

"नही," तो म्हणाला.

वरील मजकूर वाचून सही केली.

ठिकाण : रनाळे. दिनांक : ११ जानेवारी २०२५
लिहून ठेवणार : जालमसिंग फत्तेसिंग गिरासे

समक्ष ऐकणारे साक्षीदार :
१. गोवाल पाडवी, सालदार (अंगठा)
२. फुलीबाई माळी, शेजारीण (सही)