गरम प्लग, थंड प्लग

प्रिय ठकूबाई,

पोचल्याचा फोन लगेच केलास ते बरं केलंस. बसमध्ये खिडकी मिळाली, शेजारची बाई झोपेत तुझ्या खांद्यावर कलंडत होती, सगळं कळलं. तुझी स्कूटर मी इथेच ठेवून घेतली म्हणून तू जाताना जरा फुरंगटली होतीस, पण सर्व्हिसिंग कधीचं राहिलं होतं आणि चढावर इंजिन टकटक करतंय असं तूच सांगत होतीस. तेव्हा आधी गाडीची खबरबात देते. ती देता देता एक गोष्ट विचारायची आहे. फोनवर विचारली तर तू ‘काही नाही गं आई, मस्त चाललंय’ म्हणशील, मी ‘बरं’ म्हणेन, आणि फोन ठेवल्यावर दोघी आपापल्या जागी गप्प बसून राहू. म्हणून हे पत्र.

सुट्टीच्या दिवशी सकाळी जिन्याखाली जुनी चादर अंथरली आणि गाडी खोलायला घेतली. बाबा चहाचा कप घेऊन पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, ‘ऑपरेशन सुरू होतंय, नातेवाइकांनी बाहेर थांबावं.’ मी म्हटलं, नातेवाइकांनी जरा बॅटरी धरावी. त्यांनी धरली, पण नेमकी माझ्या डोळ्यांवर. प्लगचा पाना मागितला तर पकड दिली. हा माणूस इतकी वर्षं माझ्या मागे बसून फिरला, पण गाडीला पेट्रोल लागतं यापलीकडे त्याने चौकशी केलेली नाही. असो. ऑइल बदललं, जुनं अगदी डांबरासारखं निघालं. एअर फिल्टर झटकून साफ केला. तुझ्या सीटखाली एक एकटा मोजा आणि वितळून कागदाला चिकटलेल्या गोळ्या सापडल्या. मोजा धुतलाय.

मग इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढला. तुला मी दाखवलं होतं, आठवत असेल. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं की सगळं ठीक. काजळी धरली असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, आणि पांढरं पडलं असेल तर जास्त तापतंय. तुझा प्लग खडूसारखा पांढरा होता. मला आधी वाटलं, माझंच काही चुकलं. कार्बोरेटर उघडून साफ केला, कुठून जादा हवा शिरतेय का पाहिलं, सगळे नट आवळून बघितले. बाबा म्हणाले, ‘अगं, प्लगच आहे, बोर्डाचा निकाल नाही.’ पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी तो रुमालात गुंडाळला आणि पार्टवाल्या काकांकडे गेले.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून प्लग पाहिला आणि म्हणाले, ‘ताई, हा तर गरम प्लग. गाडी लांब पळते की काय? तुम्ही तर गावातच फिरणार म्हणाला होतात.’ आणि मला तू पहिल्यांदा हॉस्टेलला जाण्याआधीचा तो दिवस आठवला. तेव्हाही याच काउंटरवर त्यांनी विचारलं होतं, गाडी कुठे फिरणार? गावातल्या गावात, थांबत थांबत फिरणारी असेल तर गरम प्लग, तो तापलेला राहतो आणि आपली काजळी आपणच जाळतो. लांबच्या रस्त्यावर एका वेगाने पळणारी असेल तर थंड प्लग, तो उष्णता सोडून देतो. मी क्षणभरही विचार न करता म्हटलं होतं, गावातच. हॉस्टेल ते कॉलेज, कॉलेज ते लायब्ररी, संध्याकाळी मैत्रिणीला मागे बसवून कुठेतरी चहाला. तुझं तिकडचं सगळं आयुष्य मी त्या काउंटरला टेकून उभी राहून ठरवून टाकलं होतं, आणि त्या आयुष्याला शोभेल असा प्लग घेतला होता.

घरी तू अधूनमधून येशील असं ठरलं होतं. तू दर आठवड्याला एवढ्या लांबून गाडीवरून यायला लागलीस. त्यामुळे प्लग पांढरा पडणार हे मला कळतं. काकाही म्हणाले की प्लग शेवटच्या फेरीचंच जास्त सांगतो, त्यावरून फार काही ठरवू नका. म्हणून मी गप्प बसायला हवं होतं. मी काय केलं, तर घरी येऊन चाकं काढली. गावातल्या रहदारीत वापरलेल्या गाडीचे ब्रेक लायनर झिजतात. तुझे जवळजवळ मी बसवले तसेच आहेत. आणि मग पुसता पुसता हात मागच्या फूटरेस्टवर गेला. तू पहिल्यांदा जाताना मी त्यांना नवी रबरं घातली होती, मैत्रिणींचे पाय घसरू नयेत म्हणून. ते फूटरेस्ट उघडता उघडेनात. ओढून उघडले तर रबरावरची बारीक नक्षी जशीच्या तशी होती.

आता मला सांग, मी काय समजायचं? फोनवर तुझ्या बोलण्यात तीन मैत्रिणी येतात. उंच, चष्मेवाली आणि सारखी गाणारी. त्यांना टेकडीवर घेऊन गेल्याचं तू इतकं रंगवून सांगतेस की बाबा त्यांची चौकशी करतात, ‘गाणारीचा घसा बरा झाला का?’ कदाचित त्यांच्याकडे स्वतःच्या गाड्या असतील. कदाचित तुम्ही चालत जात असाल. तसं असेल तर तुझी आई हेरगिरी करायला लागली म्हणून पोटभर हस आणि हे पत्र चष्मेवालीलाही वाचून दाखव. मला खरंच तसंच निघायला हवंय. इतकी मी कधी चुकायला उत्सुक नव्हते.

दोन दिवस मी डायरीत हेच उलटसुलट लिहिलं. मुलीच्या गाडीवरून मुलीची झडती घेणं मला शोभतं का? बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘पोरगी घरी येते याचं कुणाला वाईट वाटतं का?’ नाही वाटत गं. हीच तर अडचण आहे. तुझी गाडी कोपऱ्यावर वळली की मला आवाजावरून कळतं आणि हातातलं काम सुटतं. मला इतका आनंद होतो की तू का येतेस हे विचारायचंच राहून गेलं.

तर ठकू, गोष्ट अशी आहे. मी दोन्ही प्लग आणलेत, गरम आणि थंड, आणि कोणता बसवायचा ते मला ठरवता येत नाही. मागच्या वेळी तुला न विचारता ठरवलं, या वेळी तू सांग. तिकडे रुळायचा आणखी प्रयत्न करून बघायचा असेल तर गरम बसवते. मग काही आठवडे घरी नाही आलीस तरी चालेल, मी कसंही निभावेन, बाबांचं मात्र बघावं लागेल. दर आठवड्याला यायचं असेल तर थंड बसवते आणि पुन्हा एका शब्दाने विचारणार नाही. आणि तिथे राहायचंच नसेल, तर तसं लिही. आम्ही दोघं येऊ, तुझं सामान बांधू, आणि वाटेत कुणीही कुणाला समजावून सांगणार नाही. तिन्हीपैकी कशानेही मी नाराज होणार नाही. मला फक्त ‘मस्त चाललंय’ नको. सध्या प्लगच्या जागी आत धूळ जाऊ नये म्हणून स्वच्छ फडक्याचा बोळा घालून ठेवलाय. तुझं खरं उत्तर येईपर्यंत तो मी काढणार नाही.

तुझीच, अजून हाताचं ग्रीस न निघालेली,
आई