कोठीमागची कुबडी

माझ्या हट्टी आईस,

आज तुझी तेरवी झाली. पाहुणे वर्ध्याच्या गाडीने गेले आणि मी घरभर तुझी कुबडी शोधत फिरले. सापडली कुठे? धान्याच्या कोठीमागे! बाबांना विचारलं तर म्हणाले, "लोकं भेटाले येऊन राह्यले होते ना. तिले आवडलं नसतं." म्हणून हे लिहायला बसले. तू गेलीस, पण घरातली लपवाछपवी अजून तुझ्याच हुकमाने चालू आहे.

पोलिओने तुझा पाय गेला तो लहानपणीच. सिंदीत आपल्या दारात कोणी आलं की कुबडी कोठीमागे जायची आणि तू पाटावर बसून भाजी निवडायला घ्यायचीस. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया पाहुण्यांसमोर उठत नसतील.

ही युक्ती मामाची. बाबा तुला पाहायला आले तेव्हा त्याने तुला आधीच सतरंजीवर बसवून ठेवलं आणि ते जाईपर्यंत हलू दिलं नाही. बाबांना कळलं ते थेट फेऱ्यांच्या वेळी. मांडवात कुजबुज झाली. बाबा एवढंच म्हणाले, "हळू चाल, घाई नाई." त्यानंतरही तुझी भीती कशी गेली नाही गं?

मग माझं बाळंतपण आलं. तू यावंस म्हणून मी अमेरिकेतून कागद पाठवले. मुंबईला मुलाखत होती. लंगड्या बाईला कोण व्हिसा देणार, हे तू आधीच ठरवून टाकलंस आणि कुबडी बाहेर बाबांकडे ठेवून आत गेलीस. तिथे सतरंजी नव्हती, आई. खिडकीशी उभं राहून बोलायचं होतं. भिंत धरत धरत तू तिथवर पोचलीस.

व्हिसा नाकारला. फोनवर म्हणालीस, "सारं ध्यान पायातच होतं, माय. आता पडीन, मंग पडीन. साहेबानं काय इचारलं, मले समजलंच नाई." मी रडले, चिडलेही. डिंकाचे लाडू पार्सलने आले, तू नाही आलीस. सईची पहिली आंघोळ मी एकटीने घातली, भीत भीत.

सई दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा अर्ज केला. या वेळी बाबांनी तुझं ऐकलं नाही, कुबडी तुझ्या काखेत देऊनच आत पाठवलं. तू नीट उभी राहिलीस आणि नीट बोललीस. परत कशाला येणार, असं विचारल्यावर म्हणालीस, "आमच्या यायले, बेबीच्या बापाले, चहा बी करता येत नाई. जास्त दिवस कशी राहीन?" आणि व्हिसा मिळाला!

तरी शेवटच्या फोनवर काय विचारलंस? "विमानतळावर तुह्ये सासू-सासरे येतीन का? मंग कुबडी बॅगेत टाकीन." मी हसले. त्याच आठवड्यात तू अंगणात पाणी भरताना कोसळलीस. तुझी भरलेली बॅग अजून पलंगाखाली आहे. ती उघडायची माझी हिंमत होत नाही.

सईला तू फक्त फोनमध्ये ठाऊक. फोटोपुढे उभी राहून विचारते, "आजी बोलत का नाही?" तिला काय सांगू? तुला चालताना ती कधीच बघणार नाही. शाळेतून येताना तुझ्या कुबडीची टकटक मला फाटकातूनच ऐकू यायची आणि तू घरात आहेस हे कळायचं. तुला ज्याची लाज वाटायची, त्याच आवाजावर माझं लहानपण निर्धास्त गेलं. हे तुला कधी सांगायचं राहूनच गेलं.

बाबांना विचारून कुबडी मी नेते आहे. बॅगेत ती मावलीच नसती, आई. हातात धरून नेईन. कोणी विचारलंच तर माझ्या आईची म्हणून सांगेन. तिकडे ती माझ्या दारातच उभी राहील, येणाऱ्याला आधी ती दिसेल अशी. सासू-सासरे आले तरी मी ती हलवणार नाही, हा माझा शब्द.

रागावू नकोस. आता कोणी बघत नाही. हळू चाल, घाई नाई.

तुझीच,
बेबी